ऑनलाइन शिकवणीच्या नावाखाली माझ्या नावावर ६६,००० रुपयांचे कर्ज

जून २०२३ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन शिकवणी कंपनीने माझ्या आठवीतल्या मुलीसाठी ७२,००० रुपयांचा अभ्यासक्रम आमच्या गळ्यात मारला आणि त्यापोटी माझ्या नावावर ६६,००० रुपयांचे कर्ज काढले. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्याने कंपनीचे नाव येथे देत नाही. पण सांगली-मिरजेत हे एकट्या माझ्याच घरी घडलेले नाही, म्हणून सगळे आकड्यांसह लिहीत आहे.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात दिवाणजी आहे. रोज दुसऱ्यांचे हिशेब लिहिणारा माणूस असा कसा फसला, असे नातेवाईक तोंडावर विचारतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुले दोन वर्षे मोबाईलवर शिकली, गणिताचा पाया कच्चा राहिला आणि ती भीती प्रत्येक पालकाच्या मनात बसली. त्याच काळात या कंपन्यांमध्ये गुंतवणूकदारांचा अफाट पैसा आला. शाळा पूर्ववत सुरू झाल्यावर मागणी ओसरली, तरी विक्रीची उद्दिष्टे कायम राहिली आणि विक्रेते जिल्ह्याच्या गावांतून घरोघर फिरू लागले.

आमच्याकडे आलेला ‘काउन्सेलर’ अत्यंत नम्र होता. त्याने मुलीची टॅबलेटवर चाचणी घेतली, तिला जेमतेम दोन-तीन उत्तरे आली आणि तो तिच्यासमोरच म्हणाला, “काका, आत्ता लक्ष दिलं नाही तर दहावीला जड जाईल.” पोरगी रडायला लागली. पुढे मी तेच प्रश्न तिच्या शाळेतल्या सरांना दाखवले, तेव्हा त्यांतले बहुतेक दहावीच्या अभ्यासक्रमातले आहेत, असे ते म्हणाले. घरी येऊन चाचणी घेणाऱ्याला प्रश्न कोणत्या इयत्तेचे आहेत, हे आधी विचारा.

६,००० रुपये लगेच आणि उरलेले २,७५० च्या चोवीस बिनव्याजी हप्त्यांत, शिवाय पंधरा दिवसांत न आवडल्यास सर्व पैसे परत, असे ठरले. मग त्याने आधार, पॅन आणि माझा फोटो घेतला. फोनवर ओटीपी आला, त्या संदेशात मी कधीही न ऐकलेल्या एका वित्त कंपनीचे नाव होते आणि ‘लोन’ हा शब्द मी माझ्या डोळ्यांनी वाचला. तो क्षण आजही मला झोपू देत नाही. मी स्पष्ट विचारले, “हे कर्ज आहे का?” तो हसून म्हणाला, “नाही काका, सिस्टीममध्ये असंच येतं, तुमचे हप्ते कंपनीलाच जातात.” एवढे सरळ विचारल्यावर समोरचा माणूस धडधडीत खोटे बोलत असेल तर तो दोष माझा, हे मी मान्य करणार नाही. प्रत्यक्षात वित्त कंपनीने पैसे शिकवणी कंपनीला एकरकमी दिले होते. तिचे काम संपले आणि देणेकरी मी झालो.

व्हिडिओ बहुतांशी इंग्रजीत होते आणि शंका सोडवायला शिक्षक मिळेना, म्हणून बाराव्या दिवशी आम्ही ईमेलने अभ्यासक्रम रद्द केला. अभ्यासक्रमासोबत आलेल्या टॅबलेटचा खोका उघडला असल्याने परतावा नाही, असे उत्तर आले. ती अट कोणीही आधी सांगितली नव्हती. काउन्सेलरचा फोन बंद लागला. तोंडी आश्वासनाला कवडीची किंमत नसते, ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

पाच हप्त्यांचे १३,७५० खात्यातून गेले. पुढे मी खाते रिकामे ठेवले, तर दोन हप्ते परत गेल्याबद्दल बँकेने प्रत्येकी ५९० रुपये कापले. असे एकूण २०,९३० रुपये गेले. वसुलीवाले सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. मला रात्री नऊला फोन येत होते आणि एकदा तर माझ्या मालकांना दुकानात फोन आला.

पोलीस ठाण्यात ही दिवाणी बाब आहे, असे सांगून अर्जावर पोच द्यायलाही टाळाटाळ झाली. सायबर कक्षाने ओटीपी तुम्हीच दिला, असे सुनावले. बँक म्हणाली की खात्यातून हप्ता कापण्याची परवानगी वित्त कंपनीच्या संमतीशिवाय रद्द होणार नाही. वित्त कंपनी म्हणाली, शिकवणी कंपनीकडून पैसे परत आणा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनने तक्रार कंपनीकडे पाठवली, कंपनीने ‘ग्राहकाने अटी मान्य केल्या होत्या’ असे एक वाक्य कळवले आणि तक्रार बंद झाली. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे तर आधी वित्त कंपनीला लिहून तीस दिवस थांबावे लागते, आणि त्या तीस दिवसांत हप्ता थांबत नाही. शिक्षण विभागाने खासगी शिकवण्या आमच्या अखत्यारीत नाहीत, असे सांगितले. मात्र केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २३ डिसेंबर २०२१ रोजीच पालकांना सावध केले होते की काही कंपन्या मोफत सेवेचे आमिष दाखवून खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी घेतात आणि दुर्बल कुटुंबांना हेरतात. शाळेच्या गटावर पोलिओ डोसची सूचना वेळेवर येते, पण ही सूचना आम्हाला कोणीच का पाठवली नाही? ज्यांना हे ठाऊक होते, त्यांनी ते सांगलीपर्यंत पोहोचू दिले नाही, याचा मला कंपनीइतकाच संताप आहे.

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवर धड्यांचे साहित्य फुकट मिळते. विकत घेण्याआधी ते पाहा. अनोळखी वित्त कंपनीचा ओटीपी आला की समोरच्याला घराबाहेर काढा. कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक मागा. रिझर्व्ह बँकेच्या २ सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जविषयक नियमांपासून ते देणे बंधनकारक आहे. मला ते दिलेच गेले नाही आणि माझ्या तक्रारीचा मुख्य आधार तोच आहे.

करारात वाद कंपनीच्या शहरातच चालेल असे लिहिलेले असते, त्याला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. मी सांगलीच्या आयोगात ईमेल, ओटीपीचा संदेश आणि बँकेचा उतारा जोडून तक्रार दाखल केली आहे. निकाल लागेपर्यंत ते कर्ज सिबिल अहवालात थकीत दिसत राहणार आहे आणि तोवर घराच्या दुरुस्तीसाठी मला बँक दारात उभे करत नाही.