शोस्टाकोविच: आधी सिंफनी की आधी क्वार्टेट?

सोव्हिएत रशियाचा संगीतकार दिमित्री शोस्टाकोविच (१९०६–१९७५) ऐकायला घ्यायचा तर सुरुवातीलाच आकडा घाबरवतो: १५ सिंफनी (अख्ख्या वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना) आणि १५ स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौघांसाठीच्या रचना). कुठून शिरायचं? मी दोनच रचना समोरासमोर ठेवतो, दहावी सिंफनी (१९५३) आणि आठवं क्वार्टेट (१९६०). हीच जोडी घ्यायचं कारण, दोन्हींत त्याने स्वतःची सही केली आहे. डी, ई-फ्लॅट, सी, बी हे चार स्वर जर्मन पद्धतीने म्हटले की डी-एस-सी-एच होतात, म्हणजे त्याच्या नावाच्या जर्मन स्पेलिंगची सुरुवातीची अक्षरं.

सिंफनीत या सहीसाठी थांबावं लागतं. पहिली मूव्हमेंट, म्हणजे रचनेचा पहिला भागच वीसेक मिनिटांचा, खर्जातल्या तंतुवाद्यांतून सावकाश वर चढणारा. दुसरी म्हणजे चारेक मिनिटांचं वादळ. हे स्टालिनचं चित्र आहे असं पुष्कळदा सांगितलं जातं. त्यावर वाद आहे, आणि ते माहीत नसलं तरी अंगावर काटा येतोच. सही उमटते तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये, जरा बिचकत. तिथेच फ्रेंच हॉर्नवर एक हाक पुन्हा पुन्हा येते. ती एल्मिरा नझिरोव्हा या त्याच्या विद्यार्थिनीच्या नावावरून बेतलेली. शेवटच्या मूव्हमेंटमध्ये मात्र अख्खा वाद्यवृंद सही गर्जून म्हणतो आणि टिंपनीवर, म्हणजे वाद्यवृंदातल्या नगाऱ्यांवर, ती अक्षरशः बडवली जाते. सिंफनीच्याच वर्षी, १९५३च्या मार्चमध्ये स्टालिन वारला होता. सिंफनीचा पहिला प्रयोग डिसेंबरात झाला.

क्वार्टेटमध्ये थांबणं वगैरे काही नाही. चेलोचे पहिले चार स्वर म्हणजेच सही. मग व्हायोला, मग एकेक करून दोन्ही व्हायोलिन तीच उचलतात. जुलै १९६० मध्ये, ड्रेस्डेनजवळच्या गोरिश गावी, तीन दिवसांत त्याने हे लिहून काढलं. अर्पणपत्रिकेत फॅसिझम आणि युद्धाच्या बळींचा उल्लेख आहे, पण मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने ही रचना स्वतःच्याच स्मृतीला वाहिल्यासारखी असल्याचं सुचवलं. ते खरं वाटतं, कारण आत त्याच्याच जुन्या रचनांचे तुकडे आहेत: पहिली सिंफनी, दुसरी पियानो त्रयी, पहिला चेलो कॉन्चेर्टो. पाच मूव्हमेंट सलग, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, आणि वीसेक मिनिटांत सगळं संपतं.

आता व्यवहाराचं बोलू. सिंफनीला पन्नासेक मिनिटं लागतात आणि आवाजाचा पल्ला अफाट. हळू जागा ऐकू याव्यात म्हणून आवाज वाढवलात की पुढच्या ब्राससाठी (पितळी वाद्यांसाठी) धावत जाऊन कमी करावा लागतो. छोट्या स्पीकरवर तर तिची निम्मी ताकद जाते. क्वार्टेट साध्या हेडफोनवरही पुरतं. पण ते लक्ष मागतं. काम करता करता लावलं तर नुसतं रडगाणं वाटेल.

म्हणून माझा कौल क्वार्टेटला. बोरोदिन क्वार्टेट या वादकसंचाचं ध्वनिमुद्रण घ्या, आणि लागोपाठ दोनदा ऐका, कारण पहिल्यांदा दुसऱ्या मूव्हमेंटचा हल्लाच तेवढा लक्षात राहतो. मोठा आवाज, नगारे, ब्रास हीच आवड असेल तर दहावीच्या आधी पाचवी (१९३७) घ्या. ती पटकन कळते, जरी तिचा शेवट विजयाचा की बळजबरीच्या हसण्याचा, यावर लोक अजून भांडतात.

मधला मार्गही आहे. रुडोल्फ बार्शाई या वाद्यवृंद-संचालकाने आठवं क्वार्टेट तंतुवाद्यांच्या वृंदासाठी बेतलं, ते ‘चेंबर सिंफनी’ म्हणून मिळतं. भरदार आहे, पण मूळचा एकटेपणा त्यात पातळ होतो; चार माणसांचं कण्हणं वीस माणसांनी कण्हलं की वेगळंच होतं. पंधरावं क्वार्टेट मात्र इतक्यात नको. सहाच्या सहा मूव्हमेंट संथ आहेत.

क्वार्टेट अंगवळणी पडलं की दहावीची शेवटची मूव्हमेंट लावा. टिंपनीवर बडवलेले ते चार स्वर तेव्हा ओळखीचे झालेले असतील.