ताहरीर चौकातलं इजिप्शियन म्युझियम: राजांच्या पुतळ्यांसाठी जा, आणि मागून-बाजूनं फिरून बघा

रेटिंग: ५/५

तुतनखामनचा खजिना पिरॅमिडजवळच्या नव्या ग्रँड म्युझियमला गेल्यापासून कैरोला जाणारे बरेच जण ताहरीर चौकातलं हे १९०२ सालचं गुलाबी म्युझियम गाळतात. प्लीज गाळू नका. जुने राजपुतळे बघायचे असतील तर माझ्या मते अजूनही हेच बेस्ट.

एकट्या खाफ्रेच्या पुतळ्यात तिकीट वसूल होतं. गिझाचा दुसरा पिरॅमिड ज्याचा, तो हा राजा. पुतळा साधारण साडेचार हजार वर्षं जुना, उंची १६८ सेंमी, १८६० मध्ये मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाला खाफ्रेच्या व्हॅली टेम्पलमध्ये, म्हणजे पिरॅमिडच्या खालच्या बाजूच्या देवळात, सापडलेला. दगड गडद आणि महाकठीण, तोही पार दक्षिणेतून, अबू सिंबेलच्या बाजूच्या वाळवंटातून आणलेला, आणि त्या काळी लोखंडी छिन्नी नाही, दगडानंच ठोकायचं आणि वाळूनं घासायचं, तरी छातीवर आणि गुडघ्यावर असं पॉलिश की बघतच राहावं.

आता ऐका, समोरून तुम्हाला फक्त राजा दिसतो, पट्ट्यापट्ट्यांचं शिरोवस्त्र, लावलेली दाढी, उजवी मूठ आवळलेली, डावा पंजा मांडीवर सपाट. दोन पावलं बाजूला सरका, की डोक्यामागं ससाण्याच्या रूपात बसलेला होरस देव दिसतो, पंखांनी राजाचं डोकं वेढून धरलेला! जिवंत राजा म्हणजे पृथ्वीवरचा होरस, हे सगळं त्या एका पक्ष्यात सांगितलंय. मग खाली वाकून सिंहासनाची बाजू बघा. फुफ्फुसं आणि श्वासनलिकेचं चिन्ह आहे आणि त्याभोवती दोन झाडं गाठ मारून बांधलीयत, दक्षिणेचं कमळ आणि उत्तरेचं पपायरस नावाचं पाणगवत, म्हणजे दक्षिण आणि उत्तर असे दोन्ही इजिप्त एक झाले आणि राजा त्यावर बसलाय.

आमच्या टूर कंपनीच्या गाइडनं समोरून फोटो काढायला लावून पुढं पिटाळलं, याचा मला खरंच राग आला. हे पुतळे शोभेचे नव्हतेच. आपण मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतो तसा तिकडं ‘मुख उघडण्याचा’ विधी व्हायचा, मग राजाचा ‘का’, म्हणजे त्याची प्राणशक्ती, त्यात राहून नैवेद्य घ्यायचा. एवढं जरी सांगितलं असतं तरी लोक थांबले असते. त्यामुळं ग्रुप टूर नको, स्वतः जा.

गिझाचा तिसरा पिरॅमिड ज्याचा, त्या मेनकौरे राजाचे त्रिमूर्ती पुतळेही निवांत बघा. मध्ये पांढरा मुकुट घातलेला राजा डावा पाय पुढं टाकून उभा, एका बाजूला शिंगं आणि सूर्यबिंबवाली हाथोर देवी, दुसऱ्या बाजूला एकेका प्रांताची देवता, तिच्या डोक्यावर त्या प्रांताचं चिन्ह. नंतरच्या काळातला राजा मेंटुहोटेप तर वेगळाच माणूस, काळी कातडी, लाल मुकुट, पांढरा आखूड झगा आणि खांबासारखे जाड पाय. काळा रंग मृतांचा देव ओसायरिसचा आणि नाईलच्या गाळाचा, म्हणजे पुन्हा जन्माला येण्याचा. मला तो जरा भीतीदायकच वाटला, पण त्याच्यासमोरून हलवत नव्हतं.

सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते आणि छतातून येणाऱ्या उजेडात दगड छान दिसतो. मोबाईलनं फोटो काढता येतात, फक्त फ्लॅश नको. आणि खुफूची हस्तिदंती मूर्ती विचारून शोधा, नाहीतर नक्की चुकेल. सगळ्यात मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या राजाची सापडलेली ही एकमेव पूर्ण मूर्ती, आणि उंची जेमतेम साडेसात सेंटिमीटर.