मरीनट्रॅफिक : फुकटात काय दिसतं आणि काय दिसत नाही

चाकण-रांजणगावच्या निर्यातदाराला आपला कंटेनर कुठे अडकलाय ते हवं असतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत किंवा विद्यापीठाच्या संरक्षणशास्त्र विभागात बसलेल्याला हिंद महासागरात चीनचं जहाज कुठे फिरतंय ते. दोघंही मरीनट्रॅफिक, म्हणजे जगभरची जहाजं नकाशावर दाखवणारी वेबसाइट, उघडतात. पहिल्याच्या ते बऱ्यापैकी कामाचं आहे. दुसऱ्याने जरा जपून.

नकाशावरचा प्रत्येक बाण हा जहाजावरच्या एआयएस यंत्राचा (जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवणारं यंत्र) संदेश असतो. हिरवा म्हणजे मालवाहू, लाल म्हणजे टँकर, निळा म्हणजे प्रवासी. परदेशी फेऱ्या करणाऱ्या 300 टनांवरच्या (ग्रॉस टनेज) जहाजांना हे यंत्र सक्तीचं आहे. चालत्या जहाजाची जागा आणि वेग दर 2 ते 10 सेकंदांनी आपोआप प्रसारित होतात, नांगरलेल्याचे दर 3 मिनिटांनी. पण मुक्कामाचं बंदर, पाण्यात बुडालेली खोली आणि ‘चालू आहे की नांगरलंय’ ही माहिती ड्यूटीवरचा अधिकारी हाताने भरतो, आणि बदलायला विसरतो. न्हावाशेव्याबाहेर ताटकळलेलं जहाज ‘प्रवासात’ दिसत असेल तर वेगाचा आकडा बघा. तो 0.2 नॉट (ताशी सागरी मैल) असेल तर ते नांगरावरच आहे.

जहाज नावाने शोधू नका. एकाच नावाची चार-पाच जहाजं सर्रास सापडतात. आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा सात आकडी क्रमांक) घ्या, जहाज विकलं, नाव-झेंडा बदलला तरी तो बदलत नाही. तो बरोबर आहे का, हे कागदावरच तपासता येतं. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणायचं, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा सातव्याशी जुळला पाहिजे. 9074729 घ्या : 63, 0, 35, 16, 21, 4, बेरीज 139, शेवटी 9. जुळलं. सीएचएने (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटने) फोनवर सांगितलेला नंबर चुकलाय का, ते अर्ध्या मिनिटात कळतं. एमएमएसआय (जहाजाच्या रेडिओचा ओळख क्रमांक) मात्र झेंडा बदलला की बदलतो. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात, भारत 419, चीन 412 ते 414.

आता दोष. किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण 40 सागरी मैलांपर्यंतच ऐकू येतं, आणि त्यापुढची उपग्रहावरून मिळणारी जागा पैसे भरणाऱ्यालाच दिसते. म्हणजे न्हावाशेव्याहून 18 नॉटने निघालेलं जहाज दोन-सव्वादोन तासांत फुकट नकाशावरून गायब होतं आणि थेट ओमानमधल्या सलालाह किंवा अमिरातीतल्या फुजैराजवळ उगवतं. घाबरून शिपिंग लाइनला मेल टाकण्याआधी ‘शेवटची नोंद किती वाजताची’ ते वाचा. स्वतःचं स्टेशन लावणाऱ्याला सशुल्क सेवा फुकट मिळते, म्हणून कोथरूडच्या गच्चीवर अँटेना उभी करायचा बेत असेल तर सोडून द्या. हे व्हीएचएफ (रेडिओ लहरी) आहे, सरळ रेषेत जातं, आणि मध्ये अख्खा सह्याद्री आहे.

माल कोलंबो किंवा दुबईच्या जेबेल अलीला दुसऱ्या जहाजावर चढणार असेल, तर बीएलवरचं (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल चढवल्याची पावती) पहिलं जहाज बघत बसण्यात अर्थ नाही. शिपिंग लाइनच्या साइटवर कंटेनर नंबर टाका, चार अक्षरं, सात आकडे. त्याला पैसे पडत नाहीत.

सुरक्षेच्या अभ्यासाला या नकाशाची मोठी अडचण अशी, की दिसायची तयारी असलेलाच इथे दिसतो. युद्धनौकांना सक्ती नाही. सोमाली चाच्यांच्या छोट्या बोटींचा प्रश्नच नाही. 14 डिसेंबर 2023 ला पळवलेलं ‘रुएन’ हे मालवाहू जहाज चाचे पुढे मदरशिप (छोट्या बोटींचा तरंगता तळ) म्हणून वापरत होते. मार्च 2024 मध्ये आयएनएस कोलकाताने ते भारतीय किनाऱ्यापासून सुमारे 2600 किलोमीटरवर अडवलं, सुमारे 40 तासांच्या कारवाईनंतर 35 चाचे शरण आले, 17 खलाशी सुटले. असं जहाज शोधायला टेहळणी विमानं आणि ड्रोन लागतात. 2008 मध्ये 26/11 च्या हल्लेखोरांनी पळवलेली ‘कुबेर’ मुंबईपर्यंत आली, तेव्हा तिच्यासारख्या मासेमारी बोटींवर एआयएसचं बंधनच नव्हतं. आता 20 मीटरपेक्षा लांब बोटींना ते आहे.

दिसतंय ते तरी खरं का? होर्मुझजवळ जून 2025 मध्ये जीपीएसमध्ये इतका गोंधळ झाला की जहाजं नकाशावर जमिनीवर चढलेली दिसत होती. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाल्यावर काही जहाजांनी हल्ला टळावा म्हणून मुक्कामाच्या वीस अक्षरी रकान्यात बंदराऐवजी ‘सगळे खलाशी चिनी’ असं भरायला सुरुवात केली. आपला झेंडा पनामाचा की लायबेरियाचा, याने हल्लेखोराला फरक पडत नाही, हे जहाजवाल्यांना चांगलंच ठाऊक होतं.

चिनी ‘संशोधन’ जहाजांबद्दल वाहिन्या याच नकाशाचे स्क्रीनशॉट लावून ‘घुसखोरी’ म्हणून ओरडतात. 200 सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रातून नुसतं जाण्याला कोणाची हरकत चालत नाही. तिथे सागरी संशोधन करायचं असेल तर किनाऱ्याच्या देशाची संमती लागते. म्हणून अंतर मोजण्याआधी मागचा मार्ग उघडा. सरळ रेघ असेल तर जहाज वाटेवर आहे. नांगरलेल्या शेतासारख्या समांतर रेघा, वेग कमी, मधूनमधून थांबा, तर तळाचं किंवा पाण्याचं मोजमाप चालू असण्याची शक्यता जास्त. खारेपणा आणि तापमानाची हीच माहिती उद्या पाणबुडीच्या कामी येते.

त्यापुढचं नकाशा सांगू शकत नाही. चीनचं ‘युआन वांग 5’ ऑगस्ट 2022 मध्ये श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदराला लागलं ते भारताने चिंता कळवूनही. 2024 मध्ये श्रीलंकेने परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर बंदी घातली, तर चीनचं ‘शियांग यांग होंग 03’ फेब्रुवारीत मालदीवच्या मालेला गेलं. एक दार बंद झालं की शेजारचं उघडतं, आणि ते नौदलाच्या गस्तीने बंद होत नाही. कर्ज, बंदरं, पाणी, औषधं, निवडणुका असा तो सगळा मामला आहे.

गुण : माल पाठवणाऱ्यासाठी पाचपैकी चार, अभ्यासकासाठी अडीच. निर्यातदाराने फुकट आवृत्तीवर भागवावं. पत्रकाराला एखाद्या जहाजाचा माग काढायचाच असेल तर तेवढ्यापुरती सशुल्क सेवा घ्यावी, वर्षाची नको. स्पर्धा परीक्षावाल्यांनी तेच पैसे वाचवून गुरुग्रामच्या आयएफसी-आयओआर (हिंद महासागर क्षेत्राची माहिती एकत्र करणाऱ्या) केंद्राचे मासिक अहवाल वाचावेत. डिसेंबर 2018 मध्ये नौदलाने सुरू केलेलं हे केंद्र चाचेगिरी, तस्करी, बेकायदा मासेमारी अशा घटनांची महिनावार नोंद देतं, आणि तेही फुकट.