इंग्लंडचं ‘व्हर्च्युअल स्कूल’: फॉस्टर केअरमधल्या मुलांना कितपत उपयोगी?

इथे ना वर्ग भरतात, ना ऑनलाइन तास होतात. स्थानिक प्राधिकरणाच्या, म्हणजे तिथल्या कौन्सिलच्या, देखरेखीखाली असलेल्या आणि बहुतेक करून आई-वडिलांऐवजी फॉस्टर पालकांच्या (म्हणजे सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाच्या) घरी राहणाऱ्या मुलांच्या शिक्षणावर लक्ष ठेवायला इंग्लंडमध्ये प्रत्येक प्राधिकरणाने एक अधिकारी नेमायचा, हे 2014 च्या कायद्याने बंधनकारक झालं. हा अधिकारी आणि त्याची टीम म्हणजे व्हर्च्युअल स्कूल. मुलं नेहमीच्याच शाळेत जातात. शाळेचा पिच्छा पुरवण्याचं काम या टीमचं.

प्रवेशाच्या बाबतीत ही सेवा खरंच दमदार आहे. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तरी प्राधान्यक्रमात ही मुलं सगळ्यात वर असतात. तातडीने घर बदलावं लागलं तर 20 शालेय दिवसांत नवी शाळा मिळवून देणं अपेक्षित असतं. घोडं अडतं ते अकॅडमी प्रकारच्या, म्हणजे सरकारी पैशावर पण प्राधिकरणापासून स्वतंत्र चालणाऱ्या शाळांपाशी. त्यांना प्राधिकरण थेट आदेश देऊ शकत नाही, प्रकरण मंत्र्यांकडे न्यावं लागतं आणि तोवर मूल घरी. त्यामुळे घर बदलणार याची कुणकुण लागताच फॉस्टर पालकांनी सोशल वर्करच्या ईमेलची वाट न पाहता व्हर्च्युअल स्कूलला फोन करावा. जीसीएसईच्या (आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या) दोन वर्षांत शाळा शक्यतो बदलू नये, असं नियमच सांगतात. त्यावर अडून बसायला हरकत नाही.

सगळी मदार मात्र पर्सनल एज्युकेशन प्लॅनवर, म्हणजे ‘पेप’वर. मूल देखरेखीखाली आल्यापासून कामकाजाच्या 10 दिवसांत तो सुरू व्हायला हवा आणि दर सत्रात त्याचा आढावा व्हायला हवा. बैठकीला शाळेतला यासाठी नेमलेला शिक्षक, सोशल वर्कर आणि फॉस्टर पालक बसतात. कागद वेळेवर भरला जातो, पण बऱ्याचदा तो पोकळ असतो. ‘वाचन सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे, ती सदिच्छा झाली. उद्दिष्ट असं हवं: आठवड्यातून 3 दिवस, प्रत्येकी 20 मिनिटं, ठरलेल्या सहायक शिक्षिकेसोबत एकास एक वाचन, सुरुवातीला आणि 8 आठवड्यांनी तीच चाचणी. कोण, कधी, किती आणि कशावरून कळणार, यातलं एक जरी गाळलं तरी पुढच्या सत्रात तेच वाक्य पुन्हा चिकटवलेलं दिसेल. शाळा बदललेल्या मुलाच्या पेपमध्ये कोणते धडे बुडाले याची विषयवार यादीही लागते. अपूर्णांक शिकवले गेले तेव्हा मूल दोन शाळांच्या मध्ये होतं, हे कुणी लिहून ठेवलं नाही तर पुढे बीजगणितात ते अडखळतं आणि शेरा पडतो ‘लक्ष नसतं’.

बैठकीची वेळ हा तसा किरकोळ मुद्दा, पण मुलांना तोच सर्वाधिक बोचतो. चित्रकलेच्या तासाला सोशल वर्कर दारात येऊन नाव पुकारते आणि सगळ्या वर्गाला कळतं. बैठक शाळा सुटल्यावर ठेवा, मुलाचं म्हणणं त्याच्या विश्वासातल्या माणसाने आधीच लिहून घ्यावं. वंशवृक्षासारख्या गृहपाठाची पूर्वसूचनाही याच बैठकीत मागून ठेवा.

पैशांचं म्हणाल तर ‘प्यूपिल प्रीमियम प्लस’ हा या मुलांच्या शिक्षणासाठीचा जादा सरकारी निधी 2025-26 साठी प्रत्येक मुलामागे 2,630 पौंड ठरला होता. तो थेट शाळेच्या खात्यात पडत नाही. व्हर्च्युअल स्कूल पेप बघून देतं. ही त्या मुलाच्या नावावरची ठेवही नव्हे, काही भाग सामायिक प्रशिक्षणासाठी राखून ठेवता येतो. 31 मार्चला उरलेली रक्कम सरकारकडे परत जाते, त्यामुळे फेब्रुवारीत घाईघाईने टॅब्लेट घेतले जातात. मागणी शरद सत्राच्या (सप्टेंबर ते डिसेंबर) पेपमध्येच लिहून घ्यावी.

मूल दुसऱ्या भागात राहायला गेलं तरी जबाबदारी मूळ प्राधिकरणाचीच राहते. नियम चांगला आहे, पण एकाच शाळेत चार प्राधिकरणांची मुलं असली की नेमलेल्या शिक्षकापुढे चार तऱ्हांचे फॉर्म येतात आणि दूरची टीम फक्त स्क्रीनवर भेटते. इथे सेवा उघड उघड पातळ होते.

दत्तक गेलेल्या मुलांसाठी 2018 पासून व्हर्च्युअल स्कूलकडून माहिती आणि सल्ला मिळतो, पण पेप नाही. त्यांचा प्रीमियम थेट शाळेकडे जातो, तोही पालकांनी स्वतःहून शाळेला कळवून कागद दाखवले आणि ऑक्टोबरच्या शालेय गणनेत नोंद झाली तरच. शाळा आपणहून विचारत नाहीत. सप्टेंबरातच शाळेच्या कार्यालयात जाऊन यावं.