रायझेन ५ ५६००जी की आय५ १२४००? सांगली-मिरजेच्या दोन घरांतला आठ महिन्यांचा अनुभव

आमचा जुना कॉम्प्युटर इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरवर चालायचा. २०१४ साली टॅलीसाठी घेतला होता. मी मार्केट यार्डातल्या तीन हळद अडत्यांचे हिशेब घरी बसून करते, आणि त्या कामाला तो अजूनही पुरत होता. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, आणि विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते. नुसता प्रोसेसर बदलू म्हटलं, तर त्या मदरबोर्डावर आठवी पिढी बसतच नाही. म्हणून त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला नवीनच असेंबल करून घेतला.

त्यात एएमडी कंपनीचा रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर आहे. त्याच आठवड्यात मिरजेच्या धाकट्या दिरांनीही मशीन घेतलं, त्यांचं इंटेलच्या आय५ १२४०० चं. ते लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "वहिनी, इंटेलच घ्या. एएमडी तापतो." पुढे दोन दुकानांतही मला हेच ऐकवलं. मग मुलगी आणि मी आठवडाभर वाचत बसलो. तापण्याची ही ख्याती एएमडीच्या २०११ नंतरच्या एफएक्स प्रोसेसरांची आहे, त्यातला एक तर २२० वॉटचा होता. २०१७ मध्ये रायझेन आला आणि चित्र पालटलं. ५६००जी हा ६५ वॉटचा आहे. आय५ १२४०० च्या डब्यावरही ६५ वॉटच लिहिलेलं असतं, पण जोर लावताना त्याला ११७ वॉटपर्यंत मुभा आहे. म्हणजे आजच्या या दोघांत 'तापतो' म्हणून एएमडीला बाजूला ठेवायला काही कारण नाही.

दोन्हींत सहा कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). दोन्हींचा वरचा वेग ४.४ गिगाहर्ट्झ. टॅली, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल, मराठी टायपिंग या कामांत मला दोन्ही मशीनवर काडीचाही फरक जाणवला नाही. मिरजेला गेले की मी भाऊजींच्या मशीनवरही काम करते, म्हणून खात्रीने सांगते. रोजच्या कामात फरक पडला तो जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आल्याने, आणि तो दोन्ही घरांत सारखाच पडला.

खरा फरक ग्राफिक्सचा आहे. आम्हाला वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नव्हतं. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिला ऑटोकॅड लागतं. मुलगा नववीत आहे, त्याला सुट्टीत खेळायला हवं. ५६००जीच्या पोटात व्हेगा ग्राफिक्स आहे. १२४०० मध्ये यूएचडी ७३० आहे, आणि खेळांच्या बाबतीत व्हेगा त्याच्या बरंच पुढे आहे. आमचा निर्णय इथेच झाला.

इथे एक सांगितलंच पाहिजे, कारण आम्ही थोडक्यात वाचलो. एका दुकानाने दिलेल्या कोटेशनमध्ये इंटेलचा भाव दोन-अडीच हजारांनी कमी होता. मुलीने नीट बघितलं तर आकड्यापुढे बारीक 'एफ' होता. १२४००एफ मध्ये ग्राफिक्स नसतंच. कार्ड न लावता मॉनिटरची वायर मदरबोर्डाला जोडली की पडदा काळाच राहणार. एएमडीतही तसंच आहे, 'जी' नसलेल्या साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. बिल करण्याआधी ते शेवटचं अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

तरीही फसायचं ते फसलोच, पण वेगळ्या ठिकाणी. कोटेशनवर लिहिलं होतं, '१६ जीबी रॅम'. मशीन घरी आलं, टॅली झकास चालली, आम्ही खुश. मुलगा मात्र दोन दिवसांत म्हणाला, "आई, गाडी वळणावर अडकते गं." मला वाटलं, त्या खेळालाच कार्ड लागत असेल. जवळजवळ महिनाभर मी त्याचं बोलणं मनावर घेतलं नाही. एकदा रात्री मुलीने टास्क मॅनेजर उघडला आणि मेमरीच्या पानावर बोट ठेवलं. 'स्लॉट्स यूज्ड' पुढे लिहिलं होतं, दोनपैकी एक. दुकानदाराने ८-८ च्या दोन पट्ट्या न लावता १६ ची एकच लावली होती.

हे एवढं का महत्त्वाचं, ते माझ्या भाषेत सांगते. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उचलतं. ३२०० वेगाच्या डीडीआर४ रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माल हलवते. दोन पट्ट्या दोन चॅनलवर लागल्या की ५१.२. यार्डाचं एकच गेट उघडं असलं की हळदीच्या टेम्पोंची रांग रस्त्यापर्यंत येते. दुसरं गेट उघडलं की तेच टेम्पो आणि तेच हमाल असून गर्दी मोकळी होते, तसंच हे. टॅलीचा टेम्पो एकटाच येतो, त्याला एक गेट पुरतं, म्हणून मला काही कळलंच नव्हतं. पट्टी बदलून घ्यायला दुकानात तीन चकरा माराव्या लागल्या. दोन पट्ट्या लागल्यावर त्याच खेळात, त्याच सेटिंगला, सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा (फ्रेम्सचा) चाळिशीत घुटमळणारा आकडा साठीच्या वर गेला. मुलाचं बोलणं आधीच ऐकायला हवं होतं, याची मला खरंच चुटपुट लागली.

दोन पट्ट्या लावूनही रॅम पूर्ण १६ दिसत नाही. थोडी ग्राफिक्ससाठी बाजूला ठेवलेली असते. त्यात बिघाड काही नाही.

आता भाऊजींकडचं. त्यांचा कॅमेरा एच.२६५ या व्हिडिओ प्रकारात ४:२:२, १० बिट असं, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणारं चित्रीकरण करतो. असल्या फाइली उलगडायला इंटेलच्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची सोय आहे, आणि १२४०० तो प्रकार थेट हाताळतो. व्हेगाला तो जमत नाही, सगळा भार कोरवर येतो. हळदीच्या कार्यक्रमाची एक क्लिप मी पेन ड्राइव्हवर आणून आमच्याकडे लावून बघितली. टाइमलाइनवर पुढे-मागे करताना नवरी जागच्या जागी थिजायची आणि मग एकदम चार पावलं पुढे दिसायची. मिरजेला तीच क्लिप पाण्यासारखी चालते. त्यांनी माझं ऐकून ५६००जी घेतला असता, तर लग्नसराईत त्यांचे हाल झाले असते. व्हिडिओवर पोट असेल तर १२४००, आणि 'एफ' नसलेलाच. याबाबत माझ्या मनात आता शंका नाही.

मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये पंख्याखालीही बसवत नाही. टॅलीवर प्रोसेसर पन्नाशीच्या आत राहिला. मुलीने तासभर थ्रीडी रेंडर लावलं तेव्हा ७८ अंशांपर्यंत गेला. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे, आणि डब्यातून आलेला पंखाच लावलेला आहे. लाईट गेली की ६०० व्हीएचा यूपीएस मशीन आणि मॉनिटर धरून ठेवतो. एन्ट्री सेव्ह करून, बॅकअप घेऊन नीट बंद करण्याएवढा वेळ मिळतो.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीबद्दल बरेच जण विचारतात. त्यांतल्या वरच्या मॉडेलांत व्होल्टेज जास्त जाऊन मशीन बंद पडण्याचा दोष होता. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरची सुधारित सूचनावली, ती बायोस अपडेटमधून येते) दिला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. बारावी पिढी त्यात नाही. पण वापरलेला आय७ किंवा आय९ कोणी स्वस्तात देत असेल, तर बायोस (मदरबोर्डावरचं सॉफ्टवेअर) कधी अपडेट केलं ते आधी विचारा.

पुढच्या वाढीचा विचार करणाऱ्यांसाठी: ५६००जीचा एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवायची मदरबोर्डावरची जागा) २०१७ च्या पहिल्या रायझेनपासून चालत आला, पण आता त्याची वाट संपत आली आहे. या सॉकेटात सोळा कोरपर्यंतचे प्रोसेसर आले, पण त्यापुढची पिढी त्यात बसत नाही. नवा एएम५ घ्यायचा तर डीडीआर५ रॅम आलीच, आणि ते माझ्या बजेटमध्ये बसत नव्हतं.

दिवाळीच्या साफसफाईत मशीन उघडलं. सांगलीची धूळ, त्यात माझ्या वह्यांबरोबर यार्डातून येणारी हळदीची पूड. पंख्याच्या पात्यांवर पिवळसर थर बसला होता. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१. इंटेलमध्ये त्या मदरबोर्डाच्या सॉकेटात असतात. त्यामुळे आमच्याकडे पंखा सरळ वर ओढला तर मधल्या सुकलेल्या पेस्टला (उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) चिकटून प्रोसेसरही सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. मुलीने आधी वीस मिनिटं मशीन चालू ठेवून पेस्ट गरम होऊ दिली. मग बंद करून, वायर काढून, चारही स्क्रू सोडले आणि पंखा डावी-उजवीकडे हलकेच फिरवत राहिली. मी टॉर्च धरून उभी होते. दोन मिनिटांनी तो आपसूक सुटला, प्रोसेसर जागेवरच राहिला. जुनी पेस्ट पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवीन लावली. लक्ष्मीपूजनाला वह्यांशेजारी कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहिलं, ते मात्र कॅबिनेटच्या बाहेरून.