नवे जंगल कुठे लावावे: दूरची स्वस्त जमीन की शहरालगतची महाग जमीन?

वनीकरणासाठी निधी हाती आला की पहिला प्रश्न जमिनीचा येतो आणि बहुतेकदा दर पाहूनच तो निकाली काढला जातो. दूरची, चढणीची, कमी पिकाची जमीन हेक्टरी स्वस्त पडते, म्हणून तीच घेतली जाते. हा हिशेब चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे.

उत्पन्न केवळ लाकडाचे असेल, तर दूरची जमीन सहसा सरस ठरते. जंगलजमिनीचे मोल काढण्याची रीत मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनतज्ज्ञाने 1849 मध्ये मांडली. तीत एकामागून एक येणाऱ्या सगळ्या तोडींचे निव्वळ उत्पन्न आजच्या किमतीत मोजले जाते. वटावाचा दर (म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाचे आजचे मोल दरसाल ज्या दराने कमी धरायचे तो दर) 4 टक्के धरला, तर 40 वर्षांनी मिळणाऱ्या शंभराचे आजचे मोल जेमतेम 21 भरते. इतक्या उशिरा येणारे उत्पन्न महाग जमिनीचा भार सहसा पेलत नाही. वाहतूक फार लांबची नसली म्हणजे झाले.

मात्र स्वस्त जमीन स्वस्त का आहे, हे आधी पाहावे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फ्लो कंट्री या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या थरांच्या, दलदलीत 1980 च्या दशकात करसवलतीच्या आधाराने मोठ्या प्रमाणावर सूचिपर्णी लागवड झाली. नांगराने खोल चर काढून पाणी उतरवले गेले आणि वर आलेल्या वरंब्यांवर रोपे लावली गेली. पण पाणी उतरले की पीटला हवा लागते, ते कुजू लागते आणि हजारो वर्षे साठलेला कार्बन बाहेर पडतो. 1988 मध्ये ती करसवलत बंद झाली; पुढे तिथली काही झाडे तोडून चर बुजवण्यावर पुन्हा खर्च करावा लागला. नैसर्गिक गवताळ प्रदेशालाही ‘पडीक’ म्हणून यादीत घालण्याची चूक अशीच महागात पडते. कोरड्या पाणलोटात तर झाडे गवतापेक्षा अधिक पाणी पितात आणि ओढ्यांचा प्रवाह घटतो.

शहरालगतच्या जंगलाचे मुख्य उत्पन्न बाजारात दिसतच नाही. माणसे तिथे फिरायला येतात आणि त्यासाठी वेळ व प्रवासखर्च मोजतात. त्या खर्चावरून जागेचे मोल काढता येईल, असे अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी 1947 मध्येच सुचवले होते. अंतर वाढते तशा भेटी झपाट्याने घटतात, त्यामुळे तेच जंगल वस्तीजवळ असले की त्याचे मोल अनेक पटींनी वाढू शकते. शिवाय (हा मुद्दा हिशेबात हमखास सुटतो) पायवाटांचा वापर तोडीच्या कितीतरी आधी सुरू होतो, म्हणून वटावाची झळ या फायद्याला कमी बसते. अर्थात एकाच शहराजवळच्या पाचव्या जंगलाला पहिल्याइतके मोल येत नाही. आणि सुपीक शेत घेतले, तर ते पीक दुसरीकडे काढण्यासाठी तिथली झाडे पडू शकतात. कार्बनच्या हिशेबात यालाच गळती म्हणतात.

माझा कल असा आहे: पैसा खासगी आणि उद्देश लाकूड असेल, तर पीट टाळून दूरची जमीन घ्यावी. पैसा सार्वजनिक असेल, तर ज्या शहराजवळ आज जंगल नाही, तिथली हलकी कुरणे महाग वाटली तरी आधी तपासावीत. शहरालगत फक्त सुपीक शेतीच मिळत असेल, तर मात्र मी सार्वजनिक पैसाही दूरच्या, पीट नसलेल्या खनिज मातीकडे वळवीन.