अडकित्त्यासारखं ते हत्यार आणि माझे २६० डॉलर

आयुष्यभर दुसऱ्यांचं काम मापाचं व्हर्नियर लावून नापास करणारा माणूस काडतुसं भरायच्या बिडाच्या एका छोट्या प्रेसपायी २६० डॉलरला बुडाला. तो माणूस मी. आधी पिंपरीत सहा वर्षं, मग इथे पेनसिल्व्हेनियात एकतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. त्यामुळे लिहायला लाज वाटते, पण आमच्या नेमबाजीच्या रेंजवर आणखी दोघांना त्याच माणसाने गंडवल्याचं कळलं, म्हणून लिहितोय.

आधी हा छंद काय ते सांगतो. इथे शिकार करणारे बरेच जण आपली काडतुसं स्वतः भरतात. गोळी झाडल्यावर पितळेची पुंगळी शाबूत राहते. तिचं पसरलेलं तोंड पुन्हा आवळायचं, जुना प्राइमर, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, काढून नवा बसवायचा, मापून दारू भरायची आणि वर गोळी बसवायची. स्वतःपुरतं भरायला इथे परवाना लागत नाही. (भारतातल्या मंडळींनी वाचून सोडून द्यावं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तिकडे हा उद्योग अंगाशी येईल.)

आज ह्यासाठी मोठमोठे प्रेस मिळतात. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकारी हे काम एका हातातल्या हत्याराने करत. दिसायला थेट आजोबांचा अडकित्ता. दोन दांडे, मध्ये बिजागरी, आणि एका दांड्यात आट्यांनी बसणारी डाय, म्हणजे पुंगळीला आकार देणारा साचा. न्यू हेवनच्या जॉन बार्लोने १८८४ मध्ये आयडियल नावाची कंपनी काढून ही हत्यारं घरोघरी पोचवली. १९२५ मध्ये ती लायमन नावाच्या कंपनीने घेतली. आयडियलचं ३ नंबरचं हत्यार आणि १० नंबरचं हत्यार, ह्या दोघांवरून पुढे लायमनचं ३१० आलं. त्याच डाय वापरणारा ट्रूलाइन ज्युनिअर नावाचा छोटा प्रेसही लायमनने काढला. टेबलाच्या कडेला बसेल एवढाच, डोक्यावर फिरती चकती, चकतीत चार डाय. मला तो कितीतरी वर्षं हवा होता.

२०२१ च्या उन्हाळ्यात जाहिरात दिसली. ट्रूलाइन ज्युनिअर, सोबत ३१० चे दांडे, सोबत थर्टी-थर्टी ह्या काडतुसाचा पूर्ण डाय सेट. फोटोत हिरव्या कापडावर सगळं ओळीने मांडलेलं, कापडाच्या कोपऱ्यात जळल्याचा एक डाग. खाली लिहिलं होतं, ‘१८९० च्या काळातलं अस्सल ३१०’. वर सांगितलेला इतिहास मला तेव्हाही पाठ होता. ३१० लायमनच्या काळातलं, म्हणजे १८९० मध्ये ते असणंच शक्य नाही. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, बिचाऱ्याला माहीत नाही, स्वस्तात देईल. फसणारा माणूस स्वतःला फसवणाऱ्यापेक्षा हुशार समजत असतो, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

फोनवर माणूस गोड. मी टूलरूमचा म्हटल्यावर म्हणाला, ‘‘मग तुमच्याच हातात जायला हवं. बाकीचे लोक शोभेला ठेवतात.’’ मी तिथेच विरघळलो. वर त्याने आमिष टाकलं, चाळीस डॉलरमध्ये हजार प्राइमर. त्या वर्षी प्राइमरचा दुष्काळ होता. पूर्वी पस्तीसेक डॉलरला मिळणारं हजाराचं खोकं शंभराच्या वर गेलं होतं, तेही मिळालं तर. आणि पाठवणार कसे, तर साध्या टपालाने, त्याच पार्सलमध्ये. प्राइमर स्फोटक आहेत, इथलं टपाल खातं ते घेतच नाही. कुरिअरने पाठवायचे तर धोकादायक माल म्हणून नोंद करून वेगळा आकार भरावा लागतो. हेही मला माहीत होतं. पैसे कार्डाने नकोत म्हणाला, फोनवरून बँकेतून थेट पाठवा, ओळखीतल्या माणसाला पाठवतो तसे, म्हणजे कमिशन वाचेल. पाठवले. दोनशे वीस आणि चाळीस. दोन मिनिटांचं काम.

बायको म्हणाली, ‘‘अहो, भाजी घेताना चार ठिकाणी दाबून बघता, आणि हे न बघताच?’’

नऊ दिवसांनी पार्सल आलं. प्राइमर अर्थातच नव्हते. फोटोतल्या प्रेसचा जुना रंग जागोजाग उडालेला होता, आलेल्याला काळ्या रंगाचा ताजा जाड थर. बिडाच्या सांगाड्यात दांडा जिथे जोडतात तिथे रंग जरा फुगलेला वाटला. चाकूने खरवडला तर आतून पिवळं चकाकलं. मोडलेलं बीड पितळेचा डाग देऊन सांधलेलं आणि वर रंग फासलेला. दाब नेमका तिथेच येतो.

तरी मी म्हटलं, डाय तर आहेत. इथेच खरी गंमत झाली. गंमत कसली, माझी थर्टी-थर्टी ही जुनी, खालचा दांडा (लिव्हर) ओढून काडतूस चढवायची रायफल आहे. पुंगळी डायमध्ये घातली आणि दांडा ओढला. हाताला काहीच लागलं नाही. तोंड आवळताना जो चिवट विरोध जाणवायला हवा, तो नाही. गोळी तोंडावर ठेवून अंगठ्याने हलकेच दाबली, तर ती बाटलीत बूच जावं तशी आत सरकली.

डाय भिंगाखाली धरली. नर्लिंगच्या, म्हणजे पकडीसाठी खरबरीत केलेल्या पट्टीखाली बोटभर जागा कानशीने घासलेली, तिथलं लोखंड बाकीच्यापेक्षा उजळ. त्यावर ‘३०-३०’ असा ठसा, पण तिनांची ओळ तिरकी आणि दुसरं शून्य जास्त खोल. हाताने एकेक पंच ठोकून मारलेलं. प्रकाश तिरका पाडला तेव्हा खाली ३२ मधला दोन अर्धवट दिसला. विंचेस्टरचं थर्टी-टू स्पेशल हे थर्टी-थर्टीचंच भावंड, पुंगळी जवळजवळ तीच, फक्त तोंड मोठं. एकाची गोळी ७.८२ मिलिमीटर, दुसऱ्याची ८.१५. त्या काडतुसाला आता गिऱ्हाईक कमी, म्हणून नवं नाव देऊन खपवलं.

हा नुसता पैशाचा मामला नाही. लिव्हरच्या रायफलीत काडतुसं नळीत एकामागे एक, नाक-शेपूट लावून बसतात. पुढून स्प्रिंग रेटते, झाडताना धक्का बसतो. गोळी सैल असेल तर ती पुंगळीत खोल रुतते, आतली जागा कमी होते आणि दाब भलताच वाढतो. चेहरा रायफलीच्या किती जवळ असतो ते सांगायला नको. एखाद्या नवशिक्याने ठशावर विश्वास ठेवून भरलं असतं तर? म्हणून सांगतो, जुनी डाय घेताना ठसा वाचू नका, माप घ्या. विकणाऱ्याला ठशाचा जवळून फोटो मागा, आणि सगळ्या मालाशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो काढायला सांगा. मी मागितला असता तर तो तिथेच गळाला असता, कारण फोटोतला माल त्याच्याकडे नव्हताच. तो हिरव्या कापडाचा फोटो एका जुन्या लिलावातला निघाला, तीन वर्षांपूर्वीचा.

फोन लागेना. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ही चोरी नाही. एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्रात तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. शेजारचे म्हातारबा, ज्यांच्याकडून मी हा छंद शिकलो, ते डाय हातात फिरवत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘पंच मारणारा डावखुरा असावा.’’ एवढंच.

प्रेस गराजच्या फळीवर आहे. दांडे मात्र बरे निघाले, बायको त्यांनी अक्रोड फोडते.

गेल्या आठवड्यात तेच हिरवं कापड पुन्हा दिसलं, कोपऱ्यातल्या जळक्या डागासकट. ह्या वेळी डाय थर्टी-एट फिफ्टी-फाइव्ह ह्या काडतुसाच्या. मी कळवल्यावर जाहिरात उतरली. परवा वेगळ्या नावाने परत चढली आहे, किंमत वीस डॉलरने कमी.